नाशिकचा द्राक्षपट्टा पाहून आल्यावर

(शीळफाटा येथे ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



भाताच्या जिल्ह्यातल्या बैठकीत द्राक्षाच्या वाईनचे काय काढले, असे पुढे बसलेल्या दोघातिघांनी आत येतानाच विचारले. प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी कोणाच्या शेतात द्राक्षाचा वेल नाही, आणि या शीळफाट्याच्या उन्हात आणि आषाढातल्या पावसात तो कोणी लावायला निघाला तर त्याला आम्हीच अडवू. तरीही आम्ही चौदा जण, त्यात पाच बाया, तीन दिवस नाशिक जिल्हा फिरून आलो. बोलतो आहे एक जण, पण जे सांगायचे ते चौदा जणांनी मिळून ठरवलेले आहे.

गेलो का, ते आधी सांगतो. या फाट्यावर उभे राहून शनिवारी सकाळी रस्ता बघा. मुंब्र्याकडून, महापेकडून, पनवेलकडून गाड्या येतात आणि कल्याणकडे वळतात. त्यातल्या काही पुढे दुर्गाडीचा पूल ओलांडून, राजनोली नाक्याला आग्रा रोड धरून कसाऱ्याचा घाट चढतात. आता तर २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत आला आहे. या गाड्यांतली माणसे नाशिकला कुंभमेळ्याला जात नाहीत. द्राक्षाचे मळे बघायला, वाईन चाखायला, दोन दिवस राहायला आणि चांगले जेवायला जातात. आपल्या दारावरून, आपल्या धुळीतून जातात. आपण त्यांना काय विकतो? पंक्चर काढून देतो आणि पाण्याची बाटली देतो. तीही दुसऱ्याने भरलेली. म्हणून म्हटले, ही माणसे जातात कुठे आणि पैसे ठेवतात कोणाच्या हातात, ते एकदा बघून यावे.

मुलूख देखणा आहे, त्यात वाद नाही. इगतपुरी ओलांडली की मुकणे धरणाच्या पाण्याकडेला, कावनई-सांजेगावच्या बाजूला पहिल्या वाईनच्या बागा लागतात. मागे सह्याद्रीचे कडे, खाली पाणी, मधे तारेवर चढवलेले वेल. नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या काठी सगळ्यात जास्त गर्दी. मग उत्तरेला दिंडोरी, पूर्वेला ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड आणि पार विंचूरपर्यंत हा पट्टा जातो. विंचूरला एमआयडीसीने खास वाईन पार्क काढला आहे. सांगली जिल्ह्यात पलूसला दुसरा. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आम्ही गेलो ते माघात, म्हणजे तोडणीच्या दिवसांत. युरोपात द्राक्षे तोडतात भाद्रपद-आश्विनात, आपल्याकडे पौष ते फाल्गुन. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वाईनचे द्राक्ष आपल्या ओळखीचे नव्हे. मणी लहान, साल जाड, आत बिया. खाणाऱ्याने तोंड वाकडे करावे असे. पण साल जाड म्हणूनच रंग आणि चव येते. एकरी माल मुद्दाम कमी धरतात, चार-पाच टन. जास्त धरला तर साखर उतरते आणि कारखाना गाडी परत पाठवतो. खाण्याच्या द्राक्षाला भाव रंगावर, लांबीवर आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर. वाईनच्या द्राक्षाला भाव साखरेच्या अंशावर, तोही आधी करार करून. एका बागायतदाराने आम्हाला सांगितले की खाण्याच्या द्राक्षाचा व्यापारी दोन वेळा माल उचलून पळाला, म्हणून त्याने निम्मी बाग वाईनला दिली. भाव थोडा कमी, पण झोप लागते, असे त्याचे म्हणणे.

आता हिशेब. हा हिशेब आम्ही बागेत बसूनच केला. साधारण सव्वा किलो द्राक्षाची एक बाटली होते. भाव किलोला ५० रुपये धरू. म्हणजे बाटलीत शेतकऱ्याचे ६२-६३ रुपये. बाटली मुंबईत दुकानात ८०० ला मिळाली असे धरू. रुपयात आठ पैसे. हॉटेलात तीच बाटली पाच पेल्यांत ओततात, आणि एका पेल्याचे पैसे द्राक्षवाल्याच्या सहा किलोंच्या बरोबरीचे होतात. बाकीचे ९२ पैसे सगळे कारखानदाराने खाल्ले, असे आम्ही म्हणणार नाही. पोलादी टाक्या लागतात, त्या दिवसरात्र गार ठेवाव्या लागतात, लाल वाईन ओकच्या पिंपात महिनोन् महिने पडून राहते, तेवढे व्याज चढते. काच आहे, कर आहे, दुकानदार आहे. पण ज्याने गारपीट अंगावर घेतली, डावण्या आणि भुरीवर फवारे मारले, त्याचे आठ पैसे. हे कांद्याचे, टोमॅटोचे गणित नव्हे काय? फक्त बाटली सुंदर आहे.

कारखानदारांच्या नावाने बोटे मोडायची म्हणून आम्ही गेलो नव्हतो. जो धंदा नव्हता तो ज्यांनी उभा केला त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञ आणून फेसाळणारी वाईन काढली आणि ती परदेशात विकली. त्याच दशकात पिंपळगाव बसवंतच्या बागायतदारांनी 'पिंपेन' काढली. पिंपळगावची शॅम्पेन ती पिंपेन! माधवराव मोरे त्यात पुढे होते. ज्या निफाड तालुक्यात १९८० च्या नोव्हेंबरात खेरवाडीला कांदा-उसाच्या भावासाठी रेल्वे अडवताना शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्याच तालुक्यातले शेतकरी पाच-सहा वर्षांत बाटली भरायला निघाले होते. कच्चा माल विकून पोट भरत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मग १९९७ च्या सुमारास राजीव सामंत हा अमेरिकेत शिकलेला तरुण घरच्या जमिनीवर परत आला, गंगापूर धरणाजवळ वेल लावले, आईच्या नावावरून 'सुला' नाव ठेवले आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले आणि मग नाशिकला कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. २००५ साली सुलाने बागेतच चाखण्याची खोली उघडली. धंद्याची दिशा फिरली ती तिथे. गिऱ्हाईकाकडे बाटली पाठवायची, त्याऐवजी गिऱ्हाईकच बाटलीकडे आणायचे. आज वर्षाकाठी काही लाख माणूस त्या एका फाटकातून आत जाते.

आणि मधे २००८ आले, हे बागायतदार विसरलेले नाहीत. जगात मंदी, मुंबईत नोव्हेंबरचा हल्ला, हॉटेले ओस. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही. करार कागदावर राहिला आणि घड वेलीवर. कित्येकांनी वाईनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. छोटे कारखाने कर्जात गेले, नारायणगावचा तो पहिला मोठा कारखानाही पुढे बुडाला. करार करून सुद्धा जोखीम शेवटी कोणाच्या बांधावर येऊन बसते, ते तिथे दिसले.

आता थोडे शहराबद्दल. येणारा पाहुणा फक्त पेल्यासाठी येत नाही, त्याला जुने गाव हवे असते, आणि नाशिककडे ते भरपूर आहे. पंचवटीत काळाराम मंदिर आहे. १९३० च्या २ मार्चला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी त्याच्या दाराशी सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. आमच्यातल्या बायांनी त्या दारापाशी बराच वेळ घालवला. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती आहे, पूर किती आला हे नाशिककर अजून त्याच्या अंगावरून मोजतात. काठावर नारोशंकराचे देऊळ आणि त्याची मोठी घंटा. ती वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण, म्हणजे आपल्याच मुलखातली.

पण आम्हाला खिळवून ठेवले ते पांडवलेण्यांनी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्यांत एका भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यात आपल्या डहाणूचे नाव आहे. सोपाऱ्याचे आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब करून बघा, पैशाला पैसा जुळतो. आमच्यातला एक म्हणाला, आमच्या सोसायटीचा हिशेब असा कधी जुळला नाही. भिक्षूंच्या जेवणासाठी ४००० कार्षापण देऊन एक शेतही विकत घेतले, तेही कोरलेले आहे. विकणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे. कसणाऱ्याचे नाही. आणि हे गोवर्धन म्हणजे कुठे? गंगापूर धरणाच्या वाटेवरचे आजचे गोवर्धन. वाईन चाखायला जाणाऱ्या गाड्या त्याच गावावरून जातात.

सिन्नरचे गोंदेश्वर, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, येवल्याची पैठणी हे सगळे धावतपळत पाहिले. त्यावर बोलत नाही. जेवणावर मात्र बोललेच पाहिजे.

नाशिकला मखमलाबाद-गंगापूरच्या बाजूला शेतकऱ्यांनी आपल्या मळ्यात मिसळीची दुकाने टाकली आहेत. कुठे द्राक्षाच्या मांडवाखाली बाकडी, कुठे आंब्याखाली. मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही, शेवटी जिलबी. पोरांसाठी झोपाळा, एखादी बैलगाडी. रविवारी सकाळी उभे राहायला जागा नाही. एका ठिकाणी आम्ही मालकाला गाठले. चार एकरांचा धनी. म्हणाला, द्राक्षाने तीन वर्षांत एकदा पैसे दिले, मिसळ रोज देते. कांदा स्वतःचा, कोथिंबीर स्वतःची, मटकी शेजाऱ्याची, रस्सा त्याच्या आईच्या हातचा. बाहेर टेबलावर द्राक्षाच्या पेट्या आणि मनुका. गिऱ्हाईक मिसळ खाऊन जाताना पेटी उचलते, आणि भाव मालक सांगेल तो.

मग आम्ही त्याला विचारले, तुझ्याकडे वाईनचे द्राक्षही आहे, मग पाहुण्याला तुझ्या घरची वाईन का देत नाहीस? तो हसला. तो हसणारच. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. मळ्यात मिसळ विकायला त्याला साधी नोंदणी पुरते. तेच द्राक्ष पिंपात आंबवून पेलाभर विकले तर गुन्हा. परवाना हवा, कारखाना हवा, उत्पादन शुल्क खात्याची देखरेख हवी. ज्याच्याकडे कोटी आहेत त्याला हे जमते. चार एकरवाल्याने काय करावे? त्याने सव्वा किलोचे ६२ रुपये घ्यावेत आणि पाहुणे दुसऱ्याच्या फाटकातून आत जाताना बघावेत.

ही आमची सगळ्या सहलीतली मुख्य गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती भातवाल्यांना सांगायला आलो आहोत. पर्यटनाचा पैसा पिकावर पडत नाही, तो दारावर पडतो. दार ज्याचे, पैसा त्याचा. बाकीचे सगळे त्याला कच्चा माल पुरवतात.

ही नवी गोष्ट नाही. ऑस्ट्रियात १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला की शेतकऱ्याने आपल्या घरची वाईन आपल्या घरी विकावी, कोणी अडवू नये. व्हिएन्नाच्या आसपासच्या गावांत आजही वाईन तयार झाली की शेतकरी दारावर झाडाची फांदी टांगतो. फांदी दिसली की शहरातले लोक येतात, बाकावर बसतात, घरचे खाणेपिणे घेतात. तो हुकूम निघाला तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती. सव्वादोनशे वर्षांवर झाली, आपल्या शेतकऱ्याच्या दारावर फांदी टांगायला कायदा नाही. जर्मनीने १९३५ साली आणि फ्रान्सच्या अल्सासने १९५३ साली वाईनच्या गावांतून जाणारे रस्ते आखले, पाट्या लावल्या. पाहुणा गावागावात थांबतो. एकाच फाटकात नाही.

आणि तिथेही कोणी ताटात वाढून दिलेले नाही. १९०७ साली दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षवाल्यांनी साखरपाण्याच्या बनावट वाईनने भाव पाडले म्हणून उठाव केला. मार्सेलँ आल्बेर नावाचा एक साधा गावकरी पुढारी झाला. जूनमध्ये माँपेलिए शहरात लाखोंचा मोर्चा निघाला, सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली, एका पलटणीने बंड केले. मग कायदा झाला. १९११ साली शॅम्पेनच्या शेतकऱ्यांनी बाहेरची द्राक्षे आणून शॅम्पेनच्या नावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांची तळघरे फोडली, रस्त्यावर वाईनचे पाट वाहिले. आज पाहुणे तिथे जाऊन ज्या नावाला सलाम करतात त्या नावाच्या मागे एवढे आहे.

आता आमच्या बायांचे म्हणणे सांगितले नाही तर परत जाताना गाडीत जागा मिळणार नाही. त्यांनी स्पष्ट सांगितले, वाईन म्हणा नाहीतर काही म्हणा, दारू ती दारू. ज्यांनी गावात उभी बाटली आडवी करून दुकान बंद केले त्यांना द्राक्षाचे गोडवे सांगू नका. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. यावर आम्ही कसाऱ्याच्या घाटात भांडलो आणि शहापूरला चहा पिऊन पुन्हा भांडलो. एकमत झाले नाही, आणि झाल्याचे सांगणारही नाही. एवढे मात्र बायांनीही मान्य केले की किराणा दुकानात बाटली गेल्याने चार एकरवाल्याचे आठ पैसे नऊ होणार नव्हते. आणि एक गोष्ट त्यांनीच आधी पाहिली, ती आम्हा पुरुषांच्या नजरेत आली नव्हती. दिंडोरीच्या बागेत छाटणीला, तोडणीला जे हात होते ते पेठ-सुरगाण्याचे. उक्त्यावर आलेल्या आदिवासी टोळ्या. पाहुण्याच्या फोटोत वेल येतो, घड येतो, ते हात येत नाहीत. आपल्या शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांना वीटभट्टीवर बघून आलेल्या डोळ्यांना ते लगेच दिसले.

मग आपल्याला इथे काय? आपल्याकडे द्राक्ष नाही, पण बदलापूरचे जांभूळ आहे, त्याला आणि पालघरातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाड्याचा कोलम आहे. डहाणू-घोलवडचा चिकू आहे, आणि बोर्डीला त्या चिकूची वाईन करणारा कारखानाही निघाला आहे. करवंद आहे, मोह आहे, ताडी आहे. जुने गाव म्हणाल तर कल्याण. एका ग्रीक खलाशाच्या पेरिप्लस नावाच्या पुस्तकात दोन हजार वर्षांपूर्वी या बंदराचे नाव आहे, आणि त्याच पुस्तकात इटलीची वाईन भडोचच्या बंदरात उतरत असल्याचे लिहिले आहे. अंबरनाथचे शिलाहारांचे शिवालय १०६० सालचे आहे. मलंगगड डोक्यावर आहे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, गावठी कोंबडीचा रस्सा, वालाचे बिरडे यांसाठी मुंबईचा माणूस घाट चढून जाईल पण इथे थांबणार नाही, असे का? इथे थांबायला दार नाही म्हणून. जिथे दार असायचे तिथे गोदामाचे शटर आहे.

२७ गावांतली मंडळी समोर आहेत. जमीन विकू नका असे सांगायला आम्ही आलेलो नाही. जमीन तुमची, गरज तुमची, मुलीचे लग्न आणि मुलाची फी तुमची. पण विकताना सगळी विकू नका. रस्त्याला लागून एक एकर ठेवा. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरवाल्या शेतकऱ्यालाही नोंदणी करता येते. भाव गोदामवाला सांगेल तो नव्हे, एकरावर पाहुणा किती पैसे टाकून जाईल तो आधी मांडून बघा आणि मग बोला.

सरकारकडे मागायचे ते एकच, आणि बायांच्या अटीसह. ज्या गावाच्या ग्रामसभेला, त्यातल्या बायांना, मान्य असेल त्या गावात शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या फळाची ठरावीक लिटरपर्यंत वाईन करून आपल्याच बांधावर विकण्याचा साधा परवाना. बाहेरून आणून विकायची नाही, दुकानात द्यायची नाही. ज्या गावाला नको त्या गावात नको. ठरावाचा मसुदा पुढच्या टेबलावर ठेवला आहे, वाचून सही करा, पटत नसेल तर समासात तसे लिहा.

बदलापूर आणि मुरबाडच्या मंडळींनी जाताना आपल्याकडे जांभळाची फळ देणारी झाडे किती आणि गेल्या वर्षी टोपलीला काय भाव मिळाला, एवढे वहीत लिहून जावे. मिसळवाल्या बागायतदाराने वैशाखात इकडे यायचे कबूल केले आहे. त्याला वालाचे बिरडे कोणाच्या घरी वाढायचे, ते चहा झाला की ठरवू.